भाव नको, पडता भाव विचारा!

मैत्रिणींनो, भाजी घेताना आपण चार गाळे फिरतो. साडीसाठी तर अख्खा बाजार पालथा घालतो. पण घर बांधायला काढलं की लाख-दीड लाखाचा माल एकाच दुकानातून, तोही कुणाच्या तरी शब्दावर उचलला जातो. "ते पुरुषांचं काम, आपल्याला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून आपण चहा ठेवायला आत जातो. हे मी माझ्याबद्दलही सांगतेय बरं का!

आमच्या येडगावात बचत गटातल्या एका सखीला घरकुल मंजूर झालं. पती वारलेले, पदरी दोन लेकरं. प्रधानमंत्री आवास योजनेतून आपल्यासारख्या सपाटीच्या भागात घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात, तेही हप्त्याहप्त्यानं. रोजगार हमीतून मजुरीचे दिवस मिळतात ते वेगळे. एवढ्यात घर उभं करायचं म्हणजे तारेवरची कसरत. ती माझ्याकडे आली नि म्हणाली, "वहिनी, मिस्त्री म्हणतोय माल मी आणतो, तुम्ही फक्त पैसे द्या. काय करू?"

मी म्हटलं, "मिस्त्रीला यादी करून द्यायला सांग. भाव आपण काढू."

झालं! एक शंभर पानी वही घेतली, त्यात रकाने आखले. गावातलं दुकान, नारायणगाव, आळेफाटा. दोन दिवस आम्ही दोघी फिरलो. पहिल्या दुकानात शेठजी आमच्याकडे न बघताच म्हणाले, "घरातलं कुणी माणूस येऊ द्या की." सखी शांतपणे म्हणाली, "घरातलं माणूस मीच आहे." मग मात्र शेठजींनी खुर्च्या दिल्या.

पहिला धडा सिमेंटनं शिकवला. बाजारच्या गावात गोणी गावातल्यापेक्षा दहा रुपयांनी स्वस्त. साठ गोण्यांचे सहाशे वाचले म्हणून आम्ही खूश! पण टेम्पोचं भाडं बाराशे, चढवण्या-उतरवण्याची हमाली निराळी. म्हणजे स्वस्त गोणी महागच पडली. शिवाय गावातला दुकानदार लागतील तशा गोण्या देणार होता, न फोडलेली गोणी परत घेणार होता. पावसापाण्यात साठवणुकीची कटकट नाही. म्हणून सिमेंट गावातूनच घेतलं. दुकानातल्या भावाला भुलायचं नाही. भाडं, हमाली, नासधूस सगळं धरून माल दारात कितीला पडतो, तो 'पडता भाव' वहीत लिहायचा.

गोणी घेताना तीन गोष्टी बघा. वजन ५० किलो, आयएसआयचा शिक्का आणि कोणत्या आठवड्यात, महिन्यात तयार झाली ती तारीख. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट घेऊ नका, त्याची ताकद कमी होत जाते. आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. करापूर्वी २८० रुपयांची गोणी असेल तर त्यावर २८ रुपयांचा फरक पडतो. म्हणून बिलावर कर किती लावलाय ते वाचा.

दुसरा धडा लोखंडाचा, आणि हा फार महत्त्वाचा. एका दुकानात १२ मिलिमीटरचा गज नगावर, सहाशे रुपयांना. दुसरीकडे किलोवर, साठ रुपये. गजाची लांबी १२ मीटर. जाडीच्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणायचं नि १६२ नं भागायचं, की एका मीटरचं वजन किलोत येतं. १२ गुणिले १२ म्हणजे १४४, भागिले १६२ म्हणजे सुमारे ०.८९ किलो. पूर्ण गज साधारण १०.६६ किलोचा हवा. किलोच्या भावानं तो ६४० रुपयांना पडतो. मग नगावरचा स्वस्तच की! पण आम्ही हट्टानं काट्यावर ठेवायला लावला. भरला ९.६ किलो. म्हणजे किलोला साडेबासष्ट रुपये पडले. महाग तर महाग, वर लोखंडही कमी. थोडा फरक नियमात चालतो, पण इतका नाही. वीस गजांत एकवीस किलो लोखंड स्लॅबमधून गायब झालं असतं. पैसे गेलेले परत कमावता येतात हो, पण त्या स्लॅबखाली लेकरं झोपणार! म्हणून लोखंड नेहमी वजनावर घ्यावं, आणि गजावर आयएसआयचा शिक्का बघावा.

तिसरा धडा खडी आणि क्रशचा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आली की टेप लावायची. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दीड फूट उंच भरली तर झाले ९० घनफूट. पैसे मात्र पूर्ण ब्रासचे मागतात. माल ओतायच्या आधी मोजा, नंतर ढिगाऱ्याला कोण मोजणार?

अवजारांचं म्हणाल तर थापी, ओळंबा मिस्त्रीचा स्वतःचा असतो. आपल्याला घमेली, फावडं, पिंप, पाण्याची नळी एवढंच लागतं. घमेलं हातात घेऊन पत्र्याची जाडी बघा, पातळ घमेलं काम संपायच्या आत फाटतं. ड्रिल मशीन दोन दिवसांसाठी विकत कशाला, भाड्यानं मिळतं. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हार्डवेअर स्वस्त मिळतं, नि २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. तरी दोन कड्यांसाठी जाऊ नका. कड्या, बिजागऱ्या, नळ अशी चार घरांची यादी एकत्र करून एकीनं जावं.

आता उधारीचं. आपल्याकडे "टोमॅटोची पट्टी आली की देतो" असा रिवाज. पण उधारीचा भाव नि रोखीचा भाव दोन्ही विचारून वहीत लिहा, म्हणजे ती उधारी कितीला पडली ते कळेल. आणि पक्कं बिल घ्याच. कच्च्या चिठ्ठीवर तक्रार कशी करणार? फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली ती आपल्या पुण्यातच. तो वारसा आपणच विसरायचा का?

मिस्त्री आधी थोडा फुरंगटला. पण त्याची मजुरी वेळच्या वेळी मिळाली, माल चोख आला, तसा तोही खुलला. हिशेब केला तर सखीचे सहा-साडेसहा हजार वाचले होते. त्यातून न्हाणीघराला दार आणि ओट्याला कडाप्पा बसला.

ती वही आता गटात फिरतेय. परवा एक सासूबाई सुनेला म्हणाल्या, "जा गं, तू भाव काढून ये, मी पोरांना बघते." हे ऐकून मला जो आनंद झाला, त्याचा मात्र पडता भाव काढता येणार नाही!