खुट्ट झालं की जाग येते? हे करून बघा



रात्री जरा खुट्ट झालं तरी जाग येते, पण उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत गाढ झोप लागते, असं तुमचं होतं का? त्याचं कारण आहे.

झोपेतही मेंदू ऐकत असतो. शांत घरात कुत्रं भुंकलं, भांडं पडलं की तो आवाज एकदम ठळक होतो आणि जाग येते. कूलरची एकसारखी घरघर असली की बारीकसारीक आवाज त्यात मिसळून जातात.

थंडीत काय करायचं? टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून कमी वेगावर लावा. किंवा मोबाईलवर पावसाचा आवाज डाउनलोड करून हळू लावा. फोन उशाशी नको, लांब ठेवा. गाणी, बातम्या नकोत, मन तिकडे जातं. लेकराचं रडणं, सासूबाईंची हाक ऐकू आली पाहिजे, आवाज तेवढाच. चार रात्री बघा. त्रास वाटला तर बंद करा.

डीजे दणाणत असेल तर मात्र मोबाईलचा आवाज वाढवून उपयोग नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे. सरकारने सूट दिलेले थोडे सणाचे दिवस सोडले, तर ११२ वर तक्रार करता येते. एकटीला अवघड वाटलं तर गटाने मिळून करा.

आठवड्यात तीन-तीन रात्री झोप नाही, असं तीन महिने चाललं तर डॉक्टरांना दाखवा. दिवसभर कपाशी निंदून आलेल्या बाईला पुरती झोप मिळालीच पाहिजे.