गेटच्या पलीकडे कोण?

आइसलंडमधल्या रेकयाविकच्या सीसीपी कंपनीने ६ मे २००३ रोजी ‘ईव्ह ऑनलाइन’ खुला केला, तेव्हाच त्यात वाटमारीची सोय करून ठेवली होती. पाच हजारांहून जास्त सूर्यमाला, सगळे खेळाडू एकाच विश्वात, आणि एका मालेतून दुसरीत जायला ठरावीक गेट. प्रत्येक मालेला सुरक्षेचा आकडा असतो. १.० ते ०.५ म्हणजे हायसेक, ०.४ ते ०.१ लोसेक; शून्य आणि त्याखाली नलसेक, जिथे पोलीस फिरकतही नाहीत. जहाज फुटलं की कायमचं गेलं. आतल्या मालातलं जे वाचेल ते बहुधा मारणाऱ्याच्या पदरात. वाट ठरलेली, दार ठरलेलं, मग दरोडेखोराने दाराशीच बसायचं. याला खेळाडू ‘कॅम्प’ म्हणतात. गेल्या वीसेक वर्षांत जहाजं बदलली, नियम कितीदा तरी बदलले, पण प्रवाशाला छळणारा प्रश्न तोच राहिला: गेटच्या पलीकडे कोण बसलंय?

पहिली तीन-साडेतीन वर्षं प्रश्न अलीकडचाही होता. वॉर्पमधून, म्हणजे मालेच्या आतल्या वेगवान झेपेतून, बाहेर पडलेलं जहाज गेटपासून पंधरा किलोमीटरवर थांबायचं, आणि उडी मारायला अडीच किलोमीटरच्या आत जावं लागायचं. मधल्या पट्ट्यात मालवाहू जहाजं अक्षरशः रांगत, आणि टोळ्या तिथेच टपलेल्या असत. खेळाडूंनी शोधलेला उपाय इरसाल होता. गेटच्या मागे पंधरा किलोमीटरवर एक बिंदू नोंदवून ठेवायचा. त्या बिंदूकडे वॉर्प केलं की पंधरा किलोमीटर अलीकडे, म्हणजे बरोबर गेटपाशी, जहाज थांबतं. या नोंदींना ‘इन्स्टा’ म्हणत. प्रत्येक गेटसाठी, येण्याच्या प्रत्येक दिशेसाठी वेगळी नोंद लागे. त्यांचे संच विकले जात, गटागटांत वाटले जात. त्यांचा भार सर्व्हरला सोसेना, तेव्हा नोव्हेंबर २००६ मध्ये कंपनीने हार मानली आणि थेट गेटवर उतरण्याची सोय सगळ्यांनाच दिली. ऑटोपायलट मात्र अजूनही अलीकडेच थांबून रांगत जातो. तो लावून चहाला उठणाऱ्यांची जहाजं अजूनही फुटतात.

या सोयीवरचा उतारा आधीच येऊन बसला होता. डिसेंबर २००५ मध्ये ‘इंटरडिक्टर’ जातीची जहाजं आली. ती नलसेकमध्ये बबल टाकतात. बबलच्या आतून वॉर्प होत नाही. आणि येणाऱ्याच्या रेषेत नेमका लावला, तर तो जहाजाला गेटवर उतरूच देत नाही, आपल्याकडे ओढून घेतो. म्हणून जाणते लोक एका गेटवरून दुसऱ्यावर सरळ जात नाहीत. आधी बाजूच्या एखाद्या ग्रहाकडे जायचं आणि तिथून वाकड्या वाटेने गेटवर यायचं. वेळ जातो, पण जहाज राहतं.

मार्च २००९ मध्ये बबलला न जुमानणारी जहाजं बांधता येऊ लागली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘इंटरसेप्टर’ या चपळ जहाजांनाही ते बळ मिळालं. खेळाचा सर्व्हर सेकंदासेकंदाच्या ठोक्यांवर चालतो. दोन सेकंदांच्या आत वॉर्पमध्ये जाणाऱ्या जहाजावर नेम धरायला शत्रूला सवडच मिळत नाही. असं जहाज बबललाही दाद देईना, तेव्हा त्याला अडवणार कोण? माझ्या मते प्रवासाच्या दृष्टीने ही वर्षं सगळ्यांत बेचव होती. मे २०२१ मध्ये कंपनीने हे फुकटचं कवच काढून घेतलं आणि त्याच्या जागी काही सेकंदच चालणारं यंत्र दिलं. ते कधी चालू करायचं, याला पुन्हा डोकं लागू लागलं.

पण जहाजांच्या या चढाओढीपेक्षा मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. प्रवासी वाचतो तो पुढची खबर असल्यामुळे, आणि तिची बरीचशी व्यवस्था खेळाडूंनीच उभारली. मालेत कोण कोण आहे हे ‘लोकल’ची यादी दाखवते, तिच्यावर नजर ठेवून शेजारच्यांना इशारे देणाऱ्या वाहिन्या युत्यांनी चालवल्या. ‘डॉटलान’च्या नकाशावर गेल्या तासात कुठे किती जहाजं फुटली ते दिसतं. ‘डी-स्कॅन’ १४.३ खगोलीय एककांपर्यंतचा परिसर चाळतो. आणि सगळ्यांत जुनी युक्ती, दुसऱ्या खात्यावरचं फुटकळ जहाज टेहळणीसाठी एक उडी पुढे ठेवणं, हिला अजून तोड नाही.

उडी मारल्यावर कॅम्प दिसलाच, तरी गेटची अदृश्यता साधारण मिनिटभर टिकते. घाबरून लगेच हलतो तो नवखा. जुना माणूस बसून मोजतो: कोण, किती, किती अंतरावर. मग हलायचं आणि तत्क्षणी क्लोक, म्हणजे जहाज अदृश्य करणारं यंत्र, लावायचा, त्याच्या आड वेगयंत्राचा एक फेरा घ्यायचा, फेरा संपता संपता क्लोक काढून वॉर्प. दोन हजार मीटरच्या आत काही आलं तर क्लोक उघडा पडतो, बेत फसतो.

अशा सावधपणाचा नमुना म्हणजे काटिया साए. या पात्राने मार्च २०१९ मध्ये खेळातल्या ७,८०५ सूर्यमाला पाहून पूर्ण केल्या. त्यांत २००९ मध्ये आलेल्या अडीच हजार वर्महोल-मालाही होत्या, जिथे ‘लोकल’ची यादी कुणाचं नाव सांगत नाही. नऊ वर्षांहून जास्त काळ चाललेल्या या भटकंतीत एकही जहाज गमावलं नाही. सैसिओ मालेत कंपनीने त्याचं स्मारक उभारलं.

त्याच वर्षी जुलैत कंपनीने नलसेकमधलीही ती यादी बंद केली. शिकाऱ्यांनी जल्लोष केला. शिकार मात्र खेळात यायचीच थांबली, गर्दी घटली, आणि सप्टेंबरमध्ये यादी परत आली.

हायसेकची गोष्ट वेगळी, आणि जास्त बोधक. तिथले पोलीस, कॉनकॉर्ड, वाचवत नाहीत. मारणाऱ्याला नंतर मारतात. स्वस्त जहाजांची झुंड घेऊन अवाढव्य मालवाहू जहाज फोडायचं, आपली गमवायची आणि माल उचलायचा, हा धंदा त्यामुळेच फोफावला. २०११ च्या अखेरीस अशा हल्लेखोरांचा विमा बंद झाला, धंदा नाही. उएदामा या हायसेक मालेचं नाव काढलं की मालवाहू आजही सावध होतात. २०१० मध्ये तर जिटा या मुख्य बाजारपेठेत, हायसेकमध्येच, कुणीतरी केस्ट्रेल या चिमुकल्या जहाजात ७४ प्लेक्स, म्हणजे खऱ्या पैशांनी विकत मिळणारे परवाने, घेऊन निघाला आणि फुटला. हजार डॉलरहून जास्त किमतीचा ऐवज जळाला, लुटणाऱ्यालाही काही मिळालं नाही.

२०२० मध्ये नियार्जा ही माला ट्रिग्लेव्हियन या खेळातल्या आक्रमकांच्या ताब्यात गेली आणि जिटा ते अमार ही दुसरी बाजारपेठ हा नऊ उड्यांचा हायसेक रस्ता चाळीसहून जास्त उड्यांचा झाला. जवळची वाट लोसेकमधल्या आहबाझॉनमधून. टेहळ्या असेल तर लोक तिथून जातात, नसेल तर लांबचा वळसा घेतात. काही जण रोजच्या देखभालीची वाट पाहतात. सर्व्हर बंद होतो तेव्हा सगळेच बाहेर फेकले जातात, आणि तो उघडल्यावर थोडा वेळ गेट मोकळी असतात. ही वेळ अकरा यूटीसीची, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारची. पुण्या-मुंबईच्या नोकरदार खेळाडूला ती रविवारीच साधते.