माळ्यावरची गॅसबत्ती भंगारात द्यावी की दुरुस्त करावी? आधी हे वाचा

मालवण : पावसाळ्याआधी माळा साफ करायला काढला की कोपऱ्यात हमखास एक वस्तू सापडते. काजळी धरलेली, काच फुटलेली गॅसबत्ती. त्याच सुमारास भंगारवाल्याचा टेम्पोही गावात फिरत असतो. "माळ्यार पडलेली बत्ती इकूची काय?" हा प्रश्न मग घरोघर निघतो. पितळ किलोवर जातं आणि विषय संपतो.

पण शहरात जुन्या वस्तू जमवणारे हौशी लोक अशाच बत्त्या शोधत असतात. अमेरिकेत तर लोक जुने पेट्रोल पंप रंगवून दिवाणखान्यात ठेवतात. आपल्याकडे तो मान गॅसबत्तीचा. मग दुरुस्त करून विकली तर परवडते का?

थोडक्यात उत्तर असं : नावाजलेल्या कंपनीची, पितळी आणि मूळ भाग शाबूत असलेली बत्ती असेल तर थोडी दुरुस्ती परवडते. बाकीच्या बत्त्यांवर घातलेला पैसा सहसा वसूल होत नाही.

बत्ती ओळखायची कशी?

'पेट्रोमॅक्स' हे खरं तर एका कंपनीच्या मालाचं नाव. बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कंपनीने १९१० च्या सुमारास ही बत्ती बाजारात आणली. पुढे नाव एवढं रुळलं की कुठल्याही बत्तीला लोक पेट्रोमॅक्सच म्हणू लागले. म्हणून टाकीवर काय कोरलंय ते बघा. कंपनीचं नाव, देशाचं नाव आणि ३५० किंवा ५०० असा आकडा असतो. हा आकडा उजेडाचा, किती मेणबत्त्यांएवढा ते सांगणारा.

जर्मन आणि स्वीडनच्या जुन्या बत्त्यांना हौशी लोक जास्त विचारतात. नंतरच्या चिनी बत्त्या आणि नकला भरपूर आहेत, त्यांना तेवढा भाव नाही. टाकीला लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर लोखंड. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी टाकी आतून गंजते. पितळ हिरवट पडतं, पण टिकतं.

बिघडतं काय?

टाकीत रॉकेल भरून पंपाने हवा मारली की दाब तयार होतो. आधी स्पिरिटने नळी तापवतात. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते, ती बारीक भोकातून बाहेर पडून हवेत मिसळते आणि मेंटलमध्ये पेटते. म्हणून बहुतेक वेळा तीनच गोष्टी गेलेल्या असतात : पंपाचा चामडी वायसर, बारीक भोकाचं नोझल आणि मेंटल. सुकलेला वायसर तेलात भिजवला की पुष्कळदा पुन्हा हवा धरतो. ही कामं स्वस्तातली आहेत.

टाकीला भोक, मोडलेला पंप किंवा मूळ टोपच गायब असेल तर मात्र खर्च वाढतो.

हिशोब मांडा

समजा भंगारात ८०० रुपये येतात. दुरुस्तीला १,५०० लागले आणि गिऱ्हाईक २,००० देतंय. म्हणजे हातात ५०० उरले, भंगारापेक्षाही कमी! त्यात काच जपून पाठवण्याचा खर्च वेगळा. म्हणून आधी चारही बाजूंचे आणि शिक्क्याचे फोटो काढून दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. मगच खर्च करा. फोटो बघून जास्त देतो म्हणणारा मिळाला, तर आहे तशीच देणं शहाणपणाचं.

चकचकीत करायच्या नादात मात्र पडू नका. अॅसिडने किंवा वाळूने घासलं की वरचा मुलामा आणि कोरलेला शिक्का झिजतो. जाणकार गिऱ्हाईक तिथेच किंमत पाडतं. नवा रंगही नको. मऊ फडक्याने काजळी पुसली तरी पुरे.

पेटवताना जपा

रॉकेलऐवजी पेट्रोल कधीही घालू नका, स्फोट होतो. टाकीला डाग देण्याआधी ती धुऊन पूर्ण रिकामी आणि वाफरहित करून घ्यावी लागते, ते काम जाणत्या कारागिराकडेच द्या. टाकी गळते का ते बघायला आधी रिकाम्या टाकीत हवा मारून ती पाण्यात बुडवा, बुडबुडे दिसतील. बंद खोलीत बत्ती लावू नका. जुन्या मेंटलमध्ये थोरियम असतं, त्यातून थोडा किरणोत्सर्ग होतो. फुटलेल्या मेंटलची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि हात धुवा.

विकण्याआधी एक विचार

वीज यायच्या आधी जत्रेत रात्रभर चालणारं दशावतारी नाटक याच बत्त्यांच्या उजेडात रंगायचं. उजेड मंद झाला की कोणीतरी उठून पंप मारायचं. काही बत्त्या घरात असल्या तरी मुळात देवळाच्या किंवा वाडीच्या असतात. टाकीवर नाव कोरलेलं असेल तर मानकऱ्यांना विचारल्याशिवाय व्यवहार करू नका.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात जिल्ह्यातल्या अनेक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती, तेव्हा जुने कंदील पुन्हा खाली उतरले होते. आता रेशनवरचं रॉकेल मिळणं कठीण झालंय, त्यामुळे रोजच्या वापरासाठी दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. पण आजोबांची बत्ती म्हणून ठेवायची असेल, तर वायसर आणि नोझलचा खर्च फार नाही. तिथे नफ्यातोट्याचा हिशोब लागत नाही. मात्र किलोवर द्यायच्या आधी टाकीवरचं नाव तेवढं वाचा.