पोकर स्पर्धेतील संयम

पोकरच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत दुबळी पाने सोडून देऊन योग्य डावाची व योग्य जागेची वाट पाहण्याच्या वृत्तीस संयम म्हटले जाते. अशा स्पर्धेत प्रत्येक खेळाडू प्रवेशशुल्क भरून सारख्याच चिप्स घेतो आणि त्या संपल्या की बाद होतो.

नांदेड व लातूर भागांत तीन पत्त्यांचा जो डाव 'तिर्रट' नावाने ओळखला जातो, त्याच्या सवयी येथे फारशा उपयोगी पडत नाहीत. तिर्रटमध्ये पाने न पाहता खेळणाऱ्यास निम्म्या रकमेत चाल करता येते. म्हणजे नियमच उतावळेपणाला सवलत देतात. शिवाय खेळणारा हवे तेव्हा उठू शकतो किंवा खिशातून आणखी पैसे काढू शकतो. पोकर स्पर्धेत पुनर्प्रवेशाची मुभा असलीच, तर ती बहुधा आरंभीच्या टप्प्यापुरती असते.

टेक्सास होल्डएम या प्रचलित प्रकारात खेळाडूला दोन पाने मिळतात. 52 पत्त्यांतून दोन पानांचे 1,326 संच संभवतात. त्यांपैकी दोन एक्क्यांचे केवळ 6 आहेत. म्हणजे एक्क्यांची जोडी सरासरीने 221 डावांतून एकदा येते. साहजिकच बहुतेक डाव सोडून देणे हेच जाणत्या खेळाडूचे मुख्य काम ठरते.

मात्र वाट पाहणे फुकट नसते. 'ब्लाइंड' या सक्तीच्या रकमा ठरावीक वेळाने वाढत जातात. हातातील चिप्सना एका फेरीच्या एकूण सक्तीच्या खर्चाने भागले असता येणाऱ्या आकड्यास 'एम' म्हणतात. ही कल्पना पॉल मॅग्रिएल यांची. डॅन हॅरिंग्टन यांच्या पुस्तकांमुळे ती रूढ झाली. 20,000 चिप्स असताना ब्लाइंड 50 व 100 असतील, तर खेळाडू सुमारे 133 फेऱ्या तग धरतो. ब्लाइंड 500 व 1,000 झाले आणि त्यांवर 1,000 ची 'अँटी' आली, की त्याच चिप्स 8 फेऱ्यांत संपतात. नऊ जणांच्या टेबलावर हे 72 डाव होत. एवढ्या डावांत एक्का, बादशहा किंवा राणी यांची एकही जोडी न येण्याची शक्यता सुमारे 37 टक्के असते. तेव्हा केवळ मोठ्या जोडीसाठी बसून राहणाऱ्यास संयमी म्हणणे चूक आहे. तो नुसता झिजत असतो.

याउलट, थोड्या चिप्स उरल्या म्हणून हातपाय गाळणेही तितकेच घातक. 1982 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचे विजेते जॅक स्ट्राउस हे एकदा एकाच चिपवर आले होते, असे सांगितले जाते.

खरी परीक्षा होते ती योग्य खेळूनही हरल्यावर. एक्क्यांची जोडी बादशहांच्या जोडीकडून शंभरांत सुमारे अठरा वेळा पराभूत होते. त्या रागात पुढचे डाव बेफाम खेळण्यास 'टिल्ट' म्हणतात, आणि तासन्‌तास राखलेला संयम बहुधा तेथेच मोडतो.

गोव्यात मांडवी नदीतील कॅसिनो जहाजांवर अशा स्पर्धा भरत आल्या आहेत. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट असली, तरी पोकर त्यात बसतो का, हा वादाचा विषय आहे. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये म्हटले. पोकरला मात्र गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये जुगार ठरविले. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे.