गॅसची शेगडी बदलण्याचा खर्च व कारागिराची मजुरी

गॅसची शेगडी बदलण्यास किती खर्च यावा, हा प्रश्न शेतकऱ्यांच्या मासिकांत कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु ठाणें जिल्ह्यांतील, विशेषतः कल्याण-डोंबिवलीच्या आसपासच्या खातेदारांची स्थिति पाहिली म्हणजे हा प्रश्न अगदींच अस्थानीं नाहीं असें दिसून येईल. सागांव, सोनारपाडा, निळजें, पिसवली इत्यादि सत्तावीस गांवें १९८३ सालीं महानगरपालिकेंत आलीं, २००२ सालीं बाहेर पडलीं आणि २०१५ च्या जून महिन्यांत पुन्हां आंत घेतलीं गेलीं. कागदावर गांव असें आंत-बाहेर होत राहिलें, तरी स्वयंपाकघर मात्र एकाच दिशेनें चाललें. चूल मागील दारीं पाणी तापविण्यापुरती उरली व ओट्यावर गॅसची शेगडी आली. लावणीच्या मजुराशीं रोजाबद्दल घासाघीस करणारा आपला खातेदार शेगडी बसविणाऱ्या कारागिरास मात्र तो सांगेल ती रक्कम देऊन मोकळा होतो, हें आम्हीं वारंवार पाहिलें आहे. रक्कम फार मोठी नसते, हें खरें. पण काम चुकीच्या हातीं गेलें तर प्रश्न रकमेचा राहत नाहीं.

मजुरी ठरविण्यापूर्वीं आपल्या घरीं कोणता गॅस येतो हें नीट पाहावें, कारण सारा खर्च त्यावर अवलंबून आहे. आपल्या जिल्ह्यांत तीन प्रकार आढळतात. गांवांतून बहुधा सिलिंडर असतें. ठाणें, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर येथील अनेक इमारतींत १९९५ सालीं स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीचा नळाचा गॅस येतो. मुरबाड-शहापुराकडे ज्यांच्या गोठ्यांत जनावरें आहेत अशा कांहीं घरीं गोबरगॅस असतो. तिन्हींची ज्योत दिसावयास सारखी, पण जात निराळी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षां जड असून रेग्युलेटरांतून तो दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ३० ग्रॅम दाबानें येतो. नळाचा गॅस हवेहून हलका, त्याचा दाब ह्याहून कमी, आणि तेवढ्याच आकारमानाच्या सिलिंडरच्या गॅसांत त्याच्या सुमारें अडीच पट उष्णता असते. म्हणून नळाच्या गॅसच्या शेगडींत जेटाचें, म्हणजे गॅस ज्यांतून फवाऱ्यासारखा सुटतो त्या बारीक पितळी तोटीचें, भोंक मोठें ठेवावें लागतें. सिलिंडरची शेगडी तशीच नळास जोडली तर ज्योत मलूल राहते व भात शिजतां शिजत नाहीं. उलट नळाची शेगडी सिलिंडरास जोडली तर ज्योत पिवळी व उंच होऊन भांडीं काजळतात आणि भाजण्याचें भय उत्पन्न होतें. गोबरगॅसांत तर निम्म्याहून थोडाच अधिक भाग जळणारा असतो. त्याला मोठ्या भोंकांचा स्वतंत्र बर्नरच लागतो. शहरांतल्या मुलानें टाकून दिलेली शेगडी गांवीं नेऊन गोबरगॅसला जोडण्याची काटकसर अनेक जण करूं पाहतात. ती फुकट जाते, हें येथें सांगून ठेवतों.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. शेगडी त्याच जातीच्या गॅसवर बदलावयाची असेल तर काम अर्ध्या तासाचें आहे: गॅस बंद करणें, जुनी नळी काढणें, नवी शेगडी सपाट बसविणें, नवी नळी चढविणें व गळती तपासणें. गॅसची जात बदलावयाची असेल, म्हणजे सिलिंडर सोडून नळाचा गॅस घ्यावयाचा असेल, तर जेट बदलणें, ज्योत जुळविणें हीं कामें वाढतात. आणि तीं नळाचा गॅस चालू करतेवेळीं त्या कंपनीच्याच माणसाकडून करून घ्यावींत. मीटर, भिंतीवरील लोखंडी अगर तांब्याचा पाइप आणि त्यावरील कॉक ह्यांस बाजारांतल्या कारागिराचा हात कदापि लागूं देऊं नये. त्याची सत्ता कॉकच्या पुढें, म्हणजे नळी व शेगडी एवढ्यावरच.

इंग्लंडांत ही मर्यादा कायद्यानेंच घातली आहे. तेथें नोंदणी नसलेल्या माणसानें मोल घेऊन घरगुती गॅसचें काम करणें हा गुन्हा आहे. २००९ पासून 'गॅस सेफ रजिस्टर' नांवाच्या नोंदवहींत कारागिराचें नांव असावें लागतें, आणि त्याच्या ओळखपत्राच्या पाठीवर तो कोणकोणत्या कामांस पात्र आहे हें छापलेलें असतें. साहजिकच तेथील मजुरींत ह्या परवान्याचाहि मोबदला धरलेला असतो. आपल्याकडे ग्राहकानें पाहावयाचें तें गॅस कंपनीचें अगर वितरकाचें ओळखपत्र. स्टेशनाजवळच्या दुकानांतून पाठविलेला माणूस हुशार असूं शकेल, पण त्याच्या हुशारीचा पुरावा आपणांसच पाहून घ्यावा लागतो; आणि ज्याचें काम नुसत्या विश्वासावर चालतें त्यानें कंपनीच्या माणसाएवढी मजुरी कां मागावी, हें आम्हांस आजवर कळलेलें नाहीं.

आतां मुख्य विषय जो बिलाचा, तिकडे वळूं. आमच्या एका स्नेह्यानें, डोंबिवलीजवळच्या एका गांवचे ते खातेदार आहेत, मागें एक पावती आमच्याकडे वाचावयास आणली. घरीं सिलिंडर होतें, शेगडी त्यांनीं स्वतः विकत आणली होती, आणि ती बसविण्याबद्दल एकंदर १,८५० रुपये दिले होते. पावतीवर "शेगडी बदलली" एवढेंच शब्द. हें काम उक्तें दिलें म्हणावें, तर रक्कम आधीं ठरलेली नव्हती. रोजानें म्हणावें, तर रोज सांगितलेला नव्हता. आमच्या सांगण्यावरून त्यांनीं कारागिराकडून फोड मागवून घेतली, ती अशी निघाली: घरीं येण्याबद्दल २५०, शेगडी बसविण्याबद्दल ४००, नळी ३८०, जेट ३००, जुनी शेगडी उतरवून नेण्याबद्दल १५०, आणि किरकोळ ३७०.

ह्यांतील पहिल्या दोन रकमांबद्दल आमची तक्रार नाहीं. ज्याला कल्याणाहून येऊन परत जावयाचें त्याचा वेळ फुकट नाहीं. नळीची किंमत छापील किंमतीशीं ताडून पाहावी म्हणजे झालें. जेटांचे ३०० मात्र विचार करण्यासारखे आहेत. शेगडी नवी, सिलिंडरच्या गॅससाठींच केलेली, आणि घरीं गॅस सिलिंडरचाच. मग जेट बदलले कशाला, व काढलेले नवे जेट गेले कोठें? जुनी शेगडी नेण्याचे १५० हा तर उलटा व्यवहार झाला. जुन्या शेगडीचे बर्नर पितळेचे असतात. मोडीच्या भावानें पितळेस पैसे मिळतात. तेव्हां शेगडी नेणाऱ्यानें आपणांस कांहीं द्यावयाचें, कीं आपण त्याला? निदान ती रक्कम मजुरींतून वजा तरी व्हावयास हवी. राहतां राहिलें 'किरकोळ'. आमचें सारें आयुष्य सरकारी दप्तरांत गेलें. ज्या सदरास नांव नसतें त्यांतच नांवें ठेवण्यासारखें कांहीं तरी असतें, हा आमचा अनुभव आहे. स्नेह्यांस जेटांचे ३०० परत मिळाले. किरकोळीचा खुलासा अद्याप यावयाचा आहे.

म्हणून कारागीर उंबऱ्याच्या आंत येण्यापूर्वींच फोनवर चार गोष्टी विचाराव्या: येण्याचे किती, बसविण्याचे किती, सामान तुमचें कीं आमचें, आणि जुन्या शेगडीचे किती धरणार. १८ टक्के वस्तु-सेवा कर लावणार असेल तर पावतीवर त्याचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. ज्याची नोंदणी नाहीं त्याला तो कर घेण्याचा अधिकार नाहीं. शेगडी आमच्याच दुकानांतून घ्या, अशी सक्ति गॅसच्या वितरकासहि करतां येत नाहीं. आय.एस.आय. शिक्क्याची कोणत्याहि दुकानची शेगडी चालते. फसवणूक झाली तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर दाद मागतां येते, पण हातीं पावती नसेल तर बोलणें लंगडें पडतें.

शेगडी बदलणें खरोखर जरूर आहे कीं नाहीं, हेंहि एकदां पाहावें. आपल्या मानकाप्रमाणें सिलिंडरच्या गॅसच्या नव्या शेगडीनें निदान ६८ टक्के उष्णता भांड्यास दिली पाहिजे. समजा, भोंकें बुजून जुन्या शेगडीची ही शक्ति ५५ टक्क्यांवर आली. तर ज्या घरीं महिन्यास १४.२ किलोचें एक सिलिंडर पुरत असे, तेथें तोच स्वयंपाक करण्यास सुमारें साडेसतरा किलो गॅस लागेल. दर महिन्यास तीन किलोंहून अधिक गॅस व्यर्थ गेला. पण पुष्कळदां हा दोष बर्नर सोडवून, गरम पाण्यांत भिजवून सुईनें भोंकें मोकळीं केलीं कीं जातो. कॉक गळत असेल, बूड गंजलें असेल, अगर वरची कांच तडकली असेल, तर मात्र दुरुस्तीच्या भरीस न पडतां शेगडीच बदलावी.

हल्लीं नव्या इमारतींत ओट्याच्या दगडांत बसविलेल्या शेगड्यांची टूम निघाली आहे. जमिनीच्या मोबदल्याचे पैसे हातीं आल्यावर बांधलेल्या आपल्याकडील घरांतहि त्या दिसूं लागल्या आहेत. ह्या शेगडीच्या बदलींत खरा खर्च गॅसच्या कारागिराचा नसून दगड कापणाराचा असतो. प्रत्येक कंपनीच्या शेगडीचें माप निराळें. जुनें भोंक नव्या शेगडीस लहान पडलें तर ग्रॅनाइट पुन्हां कापावा लागतो, मोठें पडलें तर सारी लादीच बदलावी लागते, आणि कापतांना दगड तडकला तर भरपाई कोणाची ह्यावर वाद होतो. दुकानांत जाण्यापूर्वीं जुन्या भोंकाची लांबी-रुंदी कागदावर लिहून न्यावी. ह्या एका कृतीनें हजारों रुपये वांचतात. शिवाय सिलिंडर ओट्याखालच्या कपाटांत ठेवलें असेल तर कपाटाच्या तळाशीं हवेस वाट ठेवावी, कारण हा गॅस जड असल्यामुळें खालीं सांचतो. नळाच्या गॅसला वाट छताजवळ लागते. दोहोंचे नियम एकमेकांस लावूं नयेत.

नळीच्या बाबतींत काटकसर करूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. आंत पोलादी तारेचें वेष्टण असलेली, आय.एस.आय. शिक्क्याची, दीड मीटरहून लांब नसलेली नळी घ्यावी. तीवर छापलेली मुदत संपतांच, म्हणजे फार तर पांच वर्षांनीं, ती बदलावी. नळी भिंतींतून आरपार नेऊं नये, जोड देऊन वाढवूं नये. शेतावरच्या पंपाची उरलेली रबरी नळी गॅसला लावलेली आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे. उंदरांनीं ती कुरतडली नव्हती, हें त्या घराचें दैव. नोंदलेल्या ग्राहकाच्या घरीं सिलिंडरचा अपघात झाल्यास तेल कंपन्यांनीं उतरविलेला विमा असतो, आणि त्याकरितां ग्राहकास वेगळा हप्ता भरावा लागत नाहीं. पेट्रोलियम मंत्रालयानें प्रसिद्ध केल्याप्रमाणें मृत्यु आल्यास माणशीं ६ लाख, उपचारास माणशीं २ लाखांपर्यंत, आणि मालमत्तेच्या नुकसानीस २ लाखांपर्यंत अशी त्याची मर्यादा आहे. मालमत्तेची भरपाई नोंदलेल्या जागेपुरतीच मिळते. गांवच्या घराचें सिलिंडर शेतघरांत नेऊन वापरणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें.

काम पुरें झाल्यावर कारागिराकडून साबणाचें पाणी नळीच्या दोन्ही टोकांस व कॉकला लाववून घ्यावें. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती पाहणाऱ्यास तेथल्या तेथें थांबवावें. ज्योत निळी व स्थिर असावी. पिवळी असेल किंवा बर्नर सोडून वर उडत असेल तर हवेची वा जेटाची तक्रार आहे, ती दूर होईपर्यंत पैसे देऊं नयेत. सर्व बर्नर एकदम पेटवून, मग एकेक बारीक करून पाहावे. सिलिंडरची गळती झाल्यास बोलावण्याचा १९०६ हा क्रमांक स्वयंपाकघरांतील बायामाणसांस तोंडपाठ असावा, आणि तो फोन वास येणाऱ्या खोलींतून न करतां अंगणांत येऊन करावा. पावतीवर नळीची मुदत, गॅसची जात व कारागिराचा फोन लिहून घेऊन ती गॅसच्या पुस्तकांत ठेवावी.