सीतेची वेणी आणि संकराचे गणित

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वनस्पतिशास्त्राच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. पण आम्हां शहापूर-मुरबाडकरांकडे ‘संकरित’ हा शब्द क्रमिक पुस्तकातून आलेला नाही, तो भातबियाण्याच्या पिशवीवरून आला आहे. संकरित भाताचे बी दरसाल नवे घ्यावे लागते. घरचे राखून पेरले तर शेत एकसारखे येत नाही. एक रोप उंच, दुसरे ठेंगणे, एक आधी पिकते, दुसरे मागाहून. असे का होते, याचा उलगडा मला आमरीच्या फुलांचा अभ्यास वाचताना झाला. तोच येथे मांडतो.

आमरी म्हणजे ऑर्किड. आपल्या रानात आंबा, जांभूळ, ऐन अशा झाडांच्या फांद्यांवर ती बसलेली दिसते. पुष्कळजण तिला बांडगूळ समजतात, पण तो तिच्यावर अन्याय आहे. बांडगूळ झाडात मुळे घुसवून रस पिते; आमरी केवळ बसायला जागा मागते. हवेतला ओलावा आणि सालीवरून ओघळणारे पाणी यांवर तिचे भागते.

यांतल्या दोन आमरी उदाहरणादाखल घेऊ. पहिली सीतेची वेणी. पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट ठिपके असलेली शेकडो लहान फुले एकाच लोंबत्या तुऱ्यात दाटीने येतात. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या राज्यांनी हिलाच राज्यपुष्पाचा मान दिला आहे. दुसरी व्हँडा. हे लॅटिन नाव आपल्याच संस्कृत ‘वंदा’ शब्दावरून घेतले आहे. हिच्या तुऱ्यात फुले थोडीच, पण मोठी. पिवळट पाकळ्यांवर तपकिरी जाळी, निळसर जांभळी जीभ आणि गोड वास.

या दोघींचा संकर होईल काय? दोघींची कुळी एक, पण प्रजाती निराळ्या. इतर वनस्पतींत प्रजातीची भिंत सहसा ओलांडता येत नाही. आमरी मात्र या बाबतीत उदार आहेत. या दोघींच्याही पेशींत गुणसूत्रे 38 असतात, आणि या दोन प्रजातींच्या संकरांना उद्यानशास्त्रात ‘ऱ्हिंकोव्हँडा’ असे स्वतंत्र नावही आहे.

कृती दिसायला सोपी आहे. आमरीच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर मिळून एकच खांब झालेला असतो. खांबाच्या टोकाला टोपीखाली परागांच्या चिकट गोळ्या असतात. बारीक काडीने एका फुलातल्या गोळ्या काढायच्या आणि दुसऱ्या फुलाच्या खांबावरील चिकट खळग्यात ठेवायच्या. मग चिठ्ठी बांधायची: आधी आईचे नाव, मग बापाचे, मग तारीख. बोंड पिकायला काही महिने लागतात. एका बोंडात हजारो, कधी लाखो बिया असतात, पण त्या धुळीसारख्या. त्यांत भाताच्या दाण्यासारखी शिदोरी नसते. रानात एक सूक्ष्म बुरशी त्यांना अन्न पुरवते तेव्हाच त्या रुजतात. इंग्लंडमध्ये जॉन डॉमिनी या माळ्याने केलेल्या संकराला 1856 साली फूल आले. माणसाने घडवलेली ती पहिली संकरित आमरी. पण पुढे कितीतरी वर्षे बी रुजवणे हा नशिबाचाच खेळ होता. 1922 साली अमेरिकेच्या लुईस नडसन यांनी साखर व क्षार घातलेल्या अगरवर, बुरशीवाचून, बाटलीत बी रुजवून दाखवले. तरीही बियांपासून फुलापर्यंत बहुधा तीन ते सात वर्षे जातात. म्हणूनच संतती कशी निपजेल, याचा अंदाज आधी बांधावा लागतो.

फुलांची संख्या, आकार, तुऱ्याची लांबी असे गुण अनेक जनुके मिळून ठरवतात. असे गुण पहिल्या पिढीत बहुधा आईबापांच्या मधोमध येतात. रंगाचे गणित निराळे. दोन पांढऱ्या फुलांच्या संकरातून कधी कधी रंगीत संतती निघते! विसाव्या शतकाच्या आरंभी हर्स्ट या इंग्रज अभ्यासकाने मेंडेलच्या नियमांनी या कोड्याचा उलगडा केला. विड्याने तोंड रंगायला चुना आणि कात दोन्ही लागतात. एकाच्या विड्यात चुना नाही, दुसऱ्याच्यात कात नाही. कोणाचेच तोंड रंगणार नाही. पण दोघांचे साहित्य एकत्र केले की रंग चढतो. या फुलांतही रंगाला दोन घटक लागतात.

आता त्या रंगीत भावंडांचाच आपसांत संकर करा. दर 16 रोपांत सरासरी 12 रोपांना ‘चुना’ मिळेल, आणि त्या 12 पैकी 9 रोपांना ‘कात’ही मिळेल. म्हणजे 9 रंगीत, 7 पुन्हा पांढरी. पहिल्या पिढीत जुळलेला मेळ दुसऱ्या पिढीत असा फुटतो. संकरित भाताचे राखलेले बी दगा देते ते याच कारणाने. आणि हे गणित समूहाचे आहे. हातातले एक रोप 9 मधले की 7 मधले, ते फूल उमलल्यावरच कळते.

म्हणून मनाजोगे रोप मिळाले की जाणकार त्याचे बी धरत बसत नाहीत, फांदीपासून रोपे करतात. सिंगापूरच्या ॲग्नेस जोआकिम या बाईंच्या संकरित व्हँडाची नोंद 1893 साली झाली. ती फांद्या लावूनच वाढवली गेली, आणि 1981 साली त्या देशाचे राष्ट्रीय पुष्प ठरली.

वाचकहो, या साऱ्या गणितात एक गोष्ट गृहीत धरली आहे: आईबाप हयात असले पाहिजेत. संकराने गुणांची नवी जुळणी होते, पण हरवलेला गुण त्यातून परत येत नाही. रानातल्या दोन सीतेच्या वेण्याही अगदी सारख्या नसतात. एखादीचे ठिपके गडद, एखादीचा तुरा लांब. आपल्याकडे राब भाजण्यासाठी ऐनाच्या फांद्या तोडतात, तेव्हा त्यांवर बसलेली आमरीही राबात जाते. राब बंद करा, असे मी शेतकऱ्याचा मुलगा म्हणणार नाही. पण आपल्या मालकीच्या झाडाची फांदी उतरवली की तिच्यावरचा झुपका मुळांसकट अलगद सोडवावा आणि शेजारच्या उभ्या आंब्याला सावलीच्या बाजूने सुतळीने बांधावा. पहिल्या पावसात नवी मुळे सालीला धरतात. पाच मिनिटांचे काम आहे. यंदाच्या राबाच्या वेळी ते अवश्य करावे.