नाल्याकाठचा माका आणि जड धातू

माझी आई आजही माका आणते. केसांच्या तेलात घालते, कुणाला कावीळ झाली की रस काढून देते. आणते कुठून? औद्योगिक वसाहतीच्या मागून वाहणाऱ्या नाल्याच्या काठावरून. शेत आमच्या नावावर कधी नव्हते. दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला तर मालक हटकतो. नाल्याला मालक नाही. म्हणून वस्तीतल्या बाया माका, पुनर्नवा, आघाडा, ब्राह्मी तिथूनच खुडतात. काही घरी वापरतात, काही वाळवून दुकानदाराला विकतात. "झाडपालाच हाय बाळा, त्यानं काय व्हतंय?" असे आई म्हणते. तिच्या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रात आहे आणि समाजशास्त्रातही.

शिसे, कॅडमियम, पारा यांना आपण जड धातू म्हणतो. आर्सेनिकही त्याच पंगतीत मोजतात. इतर घाण कुजते, जंतू उकळल्याने मरतात. धातू कुजत नाही आणि मरतही नाही. धातूवर मुलामा देणारे कारखाने, रंग, बॅटऱ्या, औष्णिक वीजकेंद्रांची राख यांतून तो बाहेर पडतो आणि नाल्याच्या गाळात वर्षानुवर्षे साठतो. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले, तरी त्याचे शिसे जुन्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत उरलेच.

झाडाला जस्त लागते. कॅडमियम गुणधर्माने जस्ताचा जवळचा नातलग; मुळाला दोघांतला फरक नीट कळत नाही. जस्ताच्या वाटेने कॅडमियम आत शिरते आणि पानापर्यंत चढते. माती आम्लधर्मी असेल तर अधिकच. शिसे बहुधा मुळातच अडकते. पण हवेतली शिश्याची धूळ पानावर बसते. पान धुतल्याने धूळ जाईल, आत गेलेले जाणार नाही. शिवाय पाच किलो ओला पाला वाळून जेमतेम एक किलो उरतो. पाणी उडते, धातू तेवढाच राहतो.

ब्राह्मीचे उदाहरण तर अंगावर काटा आणणारे आहे. ती पाणथळ जागी वाढते आणि धातू इतके शोषते की दूषित पाणी स्वच्छ करण्यासाठी शास्त्रज्ञांनी तिच्यावर प्रयोग केले आहेत. आपण ती लेकराला बुद्धी वाढावी म्हणून देतो. शिसे नेमके लेकराच्या मेंदूवर घाव घालते. त्याची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही. ज्या घरातून पहिले पोर शाळेत चालले आहे, त्या घरात हे विष बुद्धीचे औषध म्हणून शिरू शकते.

कॅडमियम मूत्रपिंडात दहा-दहा, वीस-वीस वर्षे मुक्काम करते. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीचे कॅडमियम भातशेतीत उतरले. हाडे ठिसूळ होऊन माणसे वेदनेने विव्हळू लागली. जपान सरकारने १९६८ साली कारण मान्य केले. बळी पडल्या त्या मुख्यतः अनेक बाळंतपणे झालेल्या बायका. अंगात लोह कमी असले की शरीर कॅडमियम जास्त शोषते. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे उपाशी शरीराला तेच विष अधिक बाधते.

मग नियम नाहीत का? आहेत. वाळलेल्या वनौषधीत दर किलोमागे शिसे १० मिलिग्रॅम, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ अशा मर्यादा आपल्याकडे ठरल्या आहेत. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाल्याचे प्रसिद्ध झाले. १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींना तपासणी सक्तीची झाली. परदेशी ग्राहकाच्या मूत्रपिंडाची काळजी आधी वाहिली गेली. नाल्यावरून खुडून थेट चुलीवर जाणारा पाला कोणत्याच तपासणीत येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २००३ ची मार्गदर्शिका सांगते की रस्त्याकडेची, गटाराकाठची, कचराडेपोची, कारखान्याजवळची वनस्पती गोळा करू नये. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. पण गावकुसाबाहेरच्या माणसाला मोकळी असलेली जागा तेवढीच असते! गायरान गेले, ओढ्याचा नाला झाला. १९२७ साली महाडला आपण पाण्याला हात लावण्याचा हक्क बजावला. त्याच महाडला आज रसायनांची औद्योगिक वसाहत उभी आहे. पाण्याला शिवण्याइतकाच पाण्यात काय आहे हे जाणण्याचाही हक्क आता मागायला हवा.

बायांना "अडाणी" म्हणून हिणवणे हा यावरचा उपाय नव्हे. त्यांचे ज्ञान खरे आहे. जमीन बाटवली ती दुसऱ्यांनी. कार्यकर्त्यांनी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून आपल्या नाल्याच्या तपासणीचे आकडे मागावेत. शिक्षक-विद्यार्थ्यांनी एकच वनस्पती कारखान्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाने गोळा करून, वाळवून, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. दोन आकड्यांतला फरकच बोलेल. तोवर वस्तीत स्वच्छ मातीची कुंडी, आणि ग्रामपंचायतीकडे औषधी झाडांसाठी गायरानाचा तुकडा मागणारा अर्ज.

आईसाठी मी दोन कुंड्या भरल्या आहेत. तिने विचारले, "आन् इकायला कुठून आणू?" त्याचे उत्तर कुंडीत मावणारे नाही.